पाच रेघांची ट्यूब

"हैमा, लास्याला तुझ्या सीरमची एक ट्यूब दे," असं कामेश्वरी मॅडम सोमवारच्या बैठकीत म्हणाल्या. शेजारणीने वाटीभर साखर मागावी, तसं. आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळल्याही.

हैमवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने ती "हो मॅडम" म्हणाली, कारण सात वर्षांत तिने मॅडमना दुसरं काही म्हटलंच नव्हतं. पण मनात म्हणाली, वा ग वा! ससा मी सांभाळला, सुया मी टोचल्या, आणि आता ही आयत्या बिळावर नागोबा!

ते सीरम म्हणजे हैमवतीचा जीव की प्राण. गर्भात डोळा घडत असताना पेशींना 'तू भिंग हो, तू दृष्टिपटल हो' असं सांगणारं एक प्रोटीन असतं. त्याचं पुस्तकातलं नाव म्हणजे तीन अक्षरं आणि एक आकडा. हैदराबादच्या त्या लॅबमध्ये सगळे त्याला 'शिल्पी' म्हणत. हा शिल्पी असा तसा दिसत नाही. त्याला हुडकून जाऊन चिकटणारी अँटिबॉडी लागते. ती चिकटली की तिच्यावर हिरवा रंग चढवायचा, आणि मायक्रोस्कोपखाली जिथं हिरवं चमकेल तिथं शिल्पी आहे असं म्हणायचं. बाहेरून मागवलेल्या चार अँटिबॉडी कोंबडीच्या गर्भावर चालल्या नाहीत, तेव्हा हैमवतीने पदर खोचला आणि ती स्वतः सशाच्या अंगात तयार केली. नऊ महिने ससा नंबर चौदाला सुया टोचल्या, त्याच्या कानातून थोडं थोडं रक्त काढलं, त्याला कोथिंबीर खाऊ घातली. चौदा नंबर गेला त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडला नव्हता. त्याच्या रक्तातल्या निवळीने, म्हणजे सीरमने, बावीस छोट्या ट्यूबा भरल्या होत्या. आता नऊ उरल्या होत्या. त्या संपल्या की संपलं, कारण दुसरा ससा टोचला तर त्याचं रक्त दुसरं.

आणि त्याच सीरमने तिला तिचा शोध दिला होता. डोळ्याला मेंदूशी जोडणारा एक नाजूक देठ असतो. त्या देठात शिल्पी नसतो असं सगळं जग म्हणत होतं. हैमवतीने घेतलेल्या गर्भाच्या पातळ कापांमध्ये देठ हिरवा चमकत होता, दहाच्या दहा कापांत! त्यावरचा पेपर येत्या सोमवारी पाठवायचा होता. पहिलं नाव तिचं. तो छापून आला की सातव्या वर्षात रखडलेली पीएचडी पुरी होणार होती, आणि वरंगळला आईच्या "अजून किती शिकणार ग बाई?" या प्रश्नाला एकदाचं उत्तर मिळणार होतं. पेपर नाही तर काहीच नाही, इतकं ते सरळ होतं.

लास्याला येऊन दोन महिनेही झाले नव्हते. काकिनाड्याची, सव्वीस वर्षांची, बंगळूरला फळमाश्यांच्या लॅबमध्ये तीन वर्षं काढून इथं आलेली. आली ती काकिनाड्याच्या काज्यांचा डबा घेऊनच. मॅडम पडल्या राजमहेंद्रीच्या. पाकातला काजा तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले, आणि दोघी गोदावरीकाठच्या बोलीत अशा काही बोलायला लागल्या की सात वर्षं दर संक्रांतीला वरंगळहून सकिनालू चकल्यांची पिशवी आणणारी हैमवती बसल्याबसल्या पाहुणी झाली.

पोरगी नुसती गोडबोली असती तर हैमवतीने सोडूनही दिलं असतं. खरी पोटदुखी ही की पोरीच्या हातात कसब होतं. तीन दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला कात्रीने खिडकी पाडून आतला गर्भ बाहेर काढायचा असतो. हैमवतीचं चारातलं एक अंडं हमखास तडकायचं. लास्याचं एकही नाही. अंडी, उबवण्याची यंत्रं आणि फ्रीजर सांभाळणारे यादगिरी हे तासन्‌तास बघत उभे राहायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, पण जीभ भलती तिखट.

"हैमम्मा, ही पोरगी अंडं कापते की त्याच्या कानात काही सांगते?" ते म्हणाले. "एक टिपूस सांडत नाही बघा."

"नव्याचे नऊ दिवस, अण्णा."

"नऊ कुठले? पंचावन्न झाले. मी मोजलेत. तुम्हीही मोजतच असाल."

मोजलेच होते हैमवतीने. मायक्रोस्कोपच्या वहीत सकाळी दहाची वेळ सात वर्षं तिची होती. मॅडमनी परवा ती खोडून तिथं लास्याचं नाव लिहिलं होतं. हैमवतीच्या चांगल्यातल्या चांगल्या कामाला मॅडमचं "बरं आहे" मिळायचं. लास्याच्या पहिल्याच स्लाइडला त्या म्हणाल्या होत्या, "अरे, या या, बघा तरी सगळ्यांनी!" त्या रात्री हैमवतीला जेवण गेलं नव्हतं.

आणि आता ट्यूब. लास्याला भिंगाचा अभ्यास करायचा होता, त्यासाठी शिल्पी रंगवायचा होता, त्यासाठी चौदा नंबरचं रक्त हवं होतं. दे म्हणे.

दुपारी ती मोठ्या फ्रीजरपुढं उभी राहिली. दार उघडताच थंडीचा धूर अंगावर आला. तिने स्वतःच्या नावाचा डबा काढला, नऊ ट्यूबा मोजल्या, पुन्हा मोजल्या. आठ होतील या कल्पनेनेच तिची बोटं आखडली. डबा तिने होता तसा आत सारला.

मग ती कोपऱ्यातल्या साध्या फ्रिजकडे गेली. तिथं दारात एक ट्यूब उभी होती. त्याचं असं की ताजं सीरम हजारपट पातळ करून कापांवर घालतात, रात्रभर ठेवतात, आणि सकाळी ते फेकून न देता परत ट्यूबमध्ये काढून घेतात. झाकणावर एक रेघ मारायची. पुन्हा वापरलं की दुसरी रेघ. हैमवतीचा नियम कडक होता: स्वतःच्या चित्रांना कायम ताजं, पहिल्या धारेचं. रेघांचं ते उन्हाळ्यात शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना, हात बसवायला. ती मुलं मिणमिणत्या दिव्याच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली काय बघत नि काय नाही, इकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. उष्टं ते उष्टं. मॅडमना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या मुळात डोळ्यांच्या डॉक्टर, पिपेट हातात धरून त्यांना बारा वर्षं झाली होती.

दारातल्या ट्यूबवर पाच रेघा होत्या. पाच वेळा उष्टं. याने काय रंगणार, कपाळ? हैमवतीने ती उचलली.

"ही घे," ती लास्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली.

लास्याने ट्यूब उजेडात धरली. झाकणावरच्या रेघा बघितल्या, बोटाने मोजल्या. मग डोळे विस्फारून म्हणाली, "अक्का, ही? मला?"

"का? नको?"

"नको कसं म्हणेन! पण तुम्हाला लागेल ना?"

"मला आहे माझी. घे ग, एवढं काय? मन मोठं आहे माझं."

लास्याने ती ट्यूब देवळातला प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी घेतली आणि डोळ्यांना लावली. नाटकी कुठली, असं हैमवती मनात म्हणाली आणि जाऊन डबा उघडला. पप्पूचं वरण नि भात, आवकाय लोणचं, वर तूप. आज चव लागत होती. तिला वाईट वाटलं का? थोडंसं वाटलं. पण ते पुरतं वाटून व्हायच्या आत लास्या मॅडमच्या केबिनमधून खिदळत बाहेर आली, आणि उरलंसुरलं वाईट वाटणं तिथंच आटोपलं.

गुरुवारी सकाळी अकराला मॅडमची हाक आली. "सगळे या. पडदे ओढा."

मायक्रोस्कोपच्या खोलीत चौघं दाटीवाटीने उभे राहिले. पडद्यावर लास्याचा काप होता. मागचं सगळं काळंभोर, आणि त्यात भिंगाचं हिरवं कडं, दृष्टिपटलाची हिरवी वाटी. कडा इतक्या स्वच्छ की एकेक पेशी मोजावी. हैमवतीच्या स्वतःच्या चित्रांत सगळीकडे एक पातळ हिरवं धुकं असायचं. सशाचं सीरम म्हटलं की धुकं असणारच, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

"हैमा, सीरम तुझंच," मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पण आपल्याकडे असं कधी आलं नव्हतं ग."

आता काय करावं या बाईने? पाच वेळच्या उष्ट्यातून हे असं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. छातीत इतकं जळजळलं की सकाळचा मुगाचा पेसरट्टू बाधला की काय असं तिला वाटलं. मागून यादगिरी हळूच म्हणाले, "दिवाळीच की हो!" आणि त्यांना चिमटा काढावा अशी तिला फार इच्छा झाली.

"पण थांबा," मॅडम पुढं झुकल्या. "देठ कुठंय?"

लास्याने चित्र सरकवलं. देठ होता, त्याचा आकार नीट दिसत होता. पण काळा. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.

"हैमाच्या दहाच्या दहा कापांत देठ चमकतो. तुझ्या किती कापांत?"

"सहा काप केले, मॅडम." लास्याचा आवाज खाली गेला. "एकातही नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार. जास्त धुतलं गेलं असेल."

हैमवतीच्या अंगात एकदम वारं शिरलं. "हात बसायचाय तिचा अजून," ती म्हणाली. आवाज तर असा मायेचा की तिचा तिलाच खरा वाटावा. "देठातली खूण फार नाजूक असते, मॅडम. धसमुसळं धुतलं की निघून जाते. होईल हळूहळू."

"दिसायला सुंदर आणि आत चुकीचं, ते काय कामाचं?" मॅडम लास्याकडे वळल्या. "सोमवारपासून महिनाभर हैमाच्या हाताखाली बस. ती सांगेल तसं कर. आणि दहाची वेळ तिची तिला परत दे."

घ्या! दोन महिने जे जे हवं होतं ते एका दमात पदरात पडलं. हैमवती जागेवर गेली, खुर्ची पुढं ओढली, आणि गालातल्या गालात हसत तिने संगणक उघडला.

चहाच्या वेळी लास्या तिच्या टेबलाशी आली. डोळे लाल होते. उस्मानिया बिस्किटांचा पुडा पुढं ठेवून म्हणाली, "अक्का, माफ करा. तुमची एवढी चांगली ट्यूब मी वाया घालवली."

"चांगली?"

"पाच रेघांची! आमच्या माश्यांच्या लॅबमध्ये सर पाच वेळा वापरलेली ट्यूब कपाटात कुलूप लावून ठेवायचे. ताजी मिळायची ती आम्हा नवशिक्यांना. पहिल्या दोन-चार वापरांत सगळा कचरा निघून जातो ना? मग खाली उरतं ते फक्त खरं. मुरलेलं लोणचं कसं, तसं. मी तिथं वर्षभर मागत होते, नाही मिळाली. तुम्ही दोन महिन्यांत दिलीत. सोमवारीच आईला फोन करून सांगितलं मी."

हैमवतीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. लास्या बोलतच होती. "तुम्ही देठाची चित्रं काढलीत ती किती रेघांवर? तेवढ्याच रेघांची घेऊन परत करून बघू का?"

"बघते," हैमवती म्हणाली. "सांगते तुला."

लास्या गेली. हैमवती चहात विरघळणाऱ्या बिस्किटाकडे बघत बसली. अडाणी नव्हती ती, एका वाक्यात तिला सगळं कळलं होतं. सशाच्या रक्तात काय एकट्या शिल्पीची अँटिबॉडी असते? सशाने आयुष्यात ज्याच्या ज्याच्याशी भांडण काढलं त्या सगळ्यांच्या नावाच्या अँटिबॉडी त्यात असतात. त्या जिथं तिथं चिकटतात. कापांमागून काप रंगवले की त्या फालतू अँटिबॉडी त्या कापांना चिकटून निघून जातात आणि पाचव्या खेपेला सीरम स्वच्छ होतं. तिच्या चित्रांतलं धुकं तेच. आणि देठ? देठातलं हिरवंही तेच असलं तर?

छे! तिने मान झटकली. उलटही असू शकतं की. पाच वेळा वापरून सीरम कमजोर झालं असेल, देठातला थोडासा शिल्पी त्याला धरता आला नसेल. ही कालची पोर मला शिकवणार? सगळी अक्कल काय ती गोदावरीकाठीच वाटतात वाटतं! ठरलं. हिला पुराव्यानिशी खोटं पाडायचं.

पुरावा कसा काढायचा ते तिला पाठ होतं. यकृतात शिल्पी नसतो. कोंबडीच्या मोठ्या गर्भाचं यकृत सुकवून त्याची पूड करायची आणि ताज्या सीरममध्ये रात्रभर घालून ठेवायची. फालतू सगळं यकृताला चिकटतं. शिल्पीची अँटिबॉडी तेवढी वर राहते, आणि तीही ताजी, दमदार. तिने देठ चमकला तर हैमवती खरी. नाही चमकला तर नाही.

"अण्णा, अठरा दिवसांची अंडी आहेत का?" तिने यादगिरींना विचारलं. "सहा हवीत. यकृत काढायचंय."

"सात वर्षं डोळे, डोळे, डोळे. आज एकदम यकृत?" यादगिरी म्हणाले. "तब्येत बरी आहे ना, हैमम्मा?"

"द्या हो मुकाट्याने."

नऊतली एक ट्यूब तिने स्वतःच्या हाताने फोडली. शनिवारी दुपारी लॅब रिकामी होती. तिने पडदे ओढले आणि स्लाइड लावली. आधी भिंग. लख्ख हिरवं! सीरम दमदार होतं, कमजोर-बिमजोर काही नव्हतं. तिने श्वास सोडला आणि काप सरकवला.

देठ काळा होता.

दुसरा काप काळा. तिसरा. तिने दहाच्या दहा बघितले, मग पहिल्यापासून पुन्हा बघितले. शेवटी खुर्चीत मागं टेकून तिने तोंडावर हात घेतले.

हे यकृताचं काम तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, हे काय तिला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण देठ पहिल्यांदा हिरवा दिसला तेव्हा ती धावत मॅडमच्या केबिनमध्ये गेली होती, आणि मॅडम, कधी खांद्यावर हातही न ठेवणाऱ्या मॅडम, खुर्चीतून उठून तिला मिठी मारून म्हणाल्या होत्या, "माझी पोर ग!" त्यानंतर पुन्हा तपासून बघायचं तिला धाडसच झालं नाही. एक ट्यूब वाया जाईल, असं ती स्वतःला सांगत राहिली.

रविवार तिने हॉस्टेलच्या खाटेवर काढला. कुणाला काही कळलेलं नव्हतं. स्लाइड तिच्या खणात, खणाची किल्ली तिच्या पर्समध्ये. लास्या स्वतःलाच चूक मानत होती, मॅडमही तिलाच चूक मानत होत्या. उद्या पेपर जाईल, छापून येईल, पदवी मिळेल. खोटं बोलल्याचं पाप तिने एकवेळ गिळलं असतं, खरंच सांगते. आणि खरं बोलून पदवीवर पाणीही सोडलं असतं कदाचित. पण ती पोरगी बरोबर ठरावी, आणि तेही आपल्या तोंडून, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. गप्प बसायचं, असं संध्याकाळपर्यंत तिचं पक्कं झालं.

सोमवारी बैठकीत पडद्यावर पेपर होता. पहिलं नाव हैमवतीचं. लास्या नवी कोरी वही घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली होती, शाळेतल्या पहिल्या दिवशी बसावं तशी.

"पाठवू या?" मॅडमनी माऊसवर हात ठेवला. "लास्या, ते तुझं चित्र आपल्या फोल्डरमध्ये नको. उद्या कुणी बघितलं तर गोंधळ होईल."

"काढून टाकलं, मॅडम. काल रात्रीच. सहाही पुसून टाकली."

"कशाला पुसलीस?"

हैमवती इतक्या मोठ्याने ओरडली की यादगिरींच्या हातातला ट्रे हलला. स्वतः तीही दचकली. पण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. चौदा नंबरच्या रक्तातून आजवर निघालेलं सगळ्यात सुंदर चित्र होतं ते! नऊ महिने कोथिंबीर काय यासाठी चारली होती? पुसून टाकलं म्हणे!

"पुसलीस कशाला, मूर्ख मुली? खरं तेच होतं!"

"काय म्हणालीस?" मॅडमचा हात माऊसवरून उठला.

"तिचं चित्र खरं आहे, मॅडम. देठात काही नाही." तिने पर्समधून किल्ली काढली, खणातली स्लाइड आणून टेबलावर ठेवली. "मी यकृताची पूड घालून बघितलं. शनिवारी. भिंग चमकतं, देठ काळा. माझ्या चित्रांत दिसतो तो सीरममधला कचरा आहे."

मॅडमनी स्लाइड उचलली, उलटसुलट केली, जणू नुसत्या डोळ्यांनी काही दिसणार होतं. "तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी हे चार देशांत दाखवत फिरले." मग त्यांनी विचारलं, "पण लास्याचं स्वच्छ कसं आलं?"

"अक्कांनी मला पाच रेघांची ट्यूब दिली होती, मॅडम," लास्या पटकन म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, ओशाळलेपण कुठल्या कुठे गेलं होतं. "वापरलेली. वापरून वापरून साफ झालेली. स्वतःची चांगली ट्यूब मला दिली त्यांनी."

"असं?" मॅडम हैमवतीकडे वळल्या. स्वर जरा मऊ झाला होता. "म्हणजे तुला ठाऊक होतं की जुनं जास्त स्वच्छ असतं. तुला शंका आली होती, म्हणून तिच्याकडून करून घेतलंस. होय ना?"

नुसती मान हलवायची होती. पेपर गेला तो गेलाच, पण मान हलवली की इज्जत वाचत होती. शोध चुकला तरी बाई सच्ची, बाई दिलदार, असं झालं असतं. लास्या मान डोलवून तिला जणू पुढं ढकलत होती, म्हणा ना अक्का, हो म्हणा. हैमवतीने तिच्या त्या भाबड्या, खूश चेहऱ्याकडे बघितलं. तिथून फुकटची शाबासकी घेणं मात्र तिला जमेना.

"नाही, मॅडम. मला वाटलं ती ट्यूब मेलेली आहे. तिचं चित्र बिघडावं, तुमच्यासमोर तिची फजिती व्हावी म्हणून दिली. जळत होते मी हिच्यावर. आली त्या दिवसापासून जळतेय."

यादगिरी ट्रे घेऊन बाहेर निघून गेले. मॅडमनी पडदा बंद केला. "पेपर थांबला," त्या म्हणाल्या. "देठाचा भाग काढून काही उरतं का ते दोन दिवसांनी बघू. आत्ता मला काही बोलायचं नाही." आणि त्या केबिनमध्ये गेल्या.

लास्या वही छातीशी धरून तशीच बसून होती. ती म्हणाली, "ते शेवटचं नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

"खरं होतं ते."

"हो. पण पेपर थांबायला तेवढं पुरेसं होतं, देठात काही नाही एवढं. हे दुसरं मला कशाला सांगितलंत?" ती वहीकडे बघत म्हणाली, "मी आईला सांगून बसलेय, तिकडं तुला अजून एक मुलगी आहे म्हणून. तिने गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी पाठवलीय तुमच्यासाठी. उद्या पोचेल."

"लास्या," एवढंच हैमवती म्हणाली.

लास्या उठली. खुर्ची जागेवर सारली, वही काखेत मारली, आणि अगदी नम्रपणे, परक्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मॅडमनी महिनाभर तुमच्या हाताखाली बसायला सांगितलंय. किती वाजता येऊ, हैमवती मॅडम?"